नऊ इंचांचा गतिरोधक

२००५ सालच्या एप्रिलमधला पहिला रविवार, सकाळी दहाची वेळ. जमलेली वर्गणी चार हजार दोनशे रुपये. हजर पाच जण: आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कापडाचे लूम चालवणारे शेठ, समोरचे किराणावाले, दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका, एक गवंडी आणि मी. काम एकच होतं. नारपोलीतल्या आमच्या रस्त्यावर आपल्या पैशाने गतिरोधक घालायचा.

निमित्त होतं भाजीवाल्या मावशींचं. गणेशपुरीच्याही पलीकडच्या पाड्यावरून त्या सकाळच्या एसटीने यायच्या, समोरच्या बाजूला उतरायच्या आणि डोक्यावर टोपली घेऊन रस्ता ओलांडून आमच्या दारात बसायच्या. आदल्या आठवड्यात राहनाळच्या गोदामांकडे निघालेल्या कंटेनरचा आरसा त्यांच्या टोपलीला लागला. काकड्या रस्ताभर झाल्या आणि मावशी मधोमध बसल्या. त्या वीतभर पुढे असत्या तर टोपलीच्या जागी डोकं असतं.

अर्ज मी आधीच केले होते. एका कचेरीने सांगितलं, हा रस्ता आमच्याकडे येत नाही. दुसरीने सांगितलं, गटारापर्यंतच येतो. सात महिन्यांत मला दोन आवक क्रमांक मिळाले, दुसरं काही नाही.

मी राहनाळच्या एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवतो. मापाशिवाय मला चैन पडत नाही. ओळखीच्या एका अभियंत्याला विचारून मी माप लिहून आणलं होतं: उंची चार इंच, रुंदी बारा फूट. ते मी वाचून दाखवलं.

शेठ हसले. "चार इंच? अहो साहेब, चार इंचाला कंटेनर नमस्कार पन करनार न्हाय. नऊ करा."

"आणि रुंदी बारा फूट?" किराणावाले म्हणाले. "एवढं सिमेंट कोण देणार, तुमचा अभियंता?"

"दोन फूट बास. आत माझ्या मोडलेल्या लूमच्या बीमचा, सूत गुंडाळायचा पाइप घालू. लोखंड हाय, हत्ती गेला तरी दबनार न्हाय."

गवंडी म्हणाला, "साहब, जितना बोलोगे उतना बना देंगे."

शिक्षिका माझ्याकडे बघत होत्या. उंच आणि अरुंद केला तर गाडी चढत नाही, आदळते, हे मला अभियंत्याने नीट समजावलं होतं. पण सात महिने माझे अर्ज घेऊन मीच हिंडलो होतो आणि हाती काही आलं नव्हतं. पुन्हा मोडता घालणारा मीच, असं व्हायला नको म्हणून गप्प बसलो. वहीत मात्र '९' लिहून भोवती गोल केला. पाइपाचे पैसे शेठनी भंगारभावाने वर्गणीतून घेतले, तेही लिहिलं.

पहिले आठ दिवस झकास गेले. कंटेनर लांबूनच करकचून ब्रेक मारत. मावशी सावकाश रस्ता ओलांडत आणि म्हणत, "आता कसं, नवरीवानी चालाया मिळतं." मी गॅलरीत उभा राहून बघायचो. मला बरं वाटायचं, ते लपवण्यात अर्थ नाही.

नवव्या दिवशी एसटीवर बदली ड्रायव्हर होता. पुढे काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. टोपल्यावाल्यांना कंडक्टर शेवटच्या बाकावर बसवतात, हा या रस्त्यावरचा नेहमीचा शिरस्ता. मीही त्या गाडीने कैक वेळा गेलो आहे, मागे टोपल्या बघितल्या आहेत. गतिरोधकाचं माप ठरवताना आमच्यापैकी कुणालाही तो बाक आठवला नाही. आम्ही फक्त रस्त्यावरच्या मावशींचा विचार केला. गाडीतल्या मावशींचा केला नाही.

गाडी त्याच वेगात गतिरोधकावर आदळली; पुढच्या लोकांना नुसता धक्का बसला. मावशी मात्र बाकावरून वर उडाल्या आणि कमरेवर खाली आपटल्या. आम्ही चौघांनी त्यांना उतरवलं. भेंडी पायाखाली चिरडत होती. सरकारी दवाखान्यात फोटो काढला, मणका दबला होता. डॉक्टर म्हणाले, दोन महिने झोपून राहायचं आणि डोक्यावर ओझं आता कधीच नाही.

संध्याकाळी पुन्हा बसलो. "डायव्हरची चूक हाय," शेठ म्हणाले. "आपन तर तिच्यासाठीच केला ना?"

शिक्षिकांनी मला विचारलं, "तुम्हाला माप माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

मी वही मिटली.

पुन्हा वर्गणी काढली, अडीच हजार जमले. शिक्षिका आणि मी ते घेऊन पाड्यावर गेलो. मावशी चटईवर पालथ्या पडल्या होत्या. मी पाकीट पुढे केलं.

"किती हायत?"

"अडीच हजार."

"त्या दिशीची टोपली एकशेचाळीसची व्हती. तेवढं द्या."

"मावशी, सगळे ठेवा. औषधपाण्याला होतील."

"कंबर काय तुमच्या तराजूत मावते का?" त्या म्हणाल्या. मग मान वळवून विचारलं, "तो उंचवटा काढलाव?"

"अजून नाही."

"मंग बाकीच्या पैशानं तो काढा. टोपली आता माझी सून आनते. तिला बी मागंच बसवत्यात."

आम्ही उठलो.

दुसऱ्याच दिवशी त्याच गवंड्याला बोलावलं. घालण्यापेक्षा काढायला तो जास्त मागत होता, कारण आत लोखंड होतं. पाइप अखंड निघाला. शेठनी तो उचलून गाळ्यात ठेवला, त्याचे पैसे परत केले नाहीत आणि मीही मागितले नाहीत. खड्ड्यात खडी आणि डांबर भरलं. दुपारपासून कंटेनर पूर्वीच्याच वेगाने जाऊ लागले. सून रोज सकाळी टोपली घेऊन त्यांच्यामधून रस्ता ओलांडते.

अखेर दिलेली रक्कम: मावशींना भेंडीच्या टोपलीचे एकशेचाळीस रुपये. गवंड्याला, डांबरासकट, दोन हजार तीनशे साठ.