गोदाकाठची निळीची परीक्षा

सोनपेठला एसटीतून उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं, पण माझा उत्साह त्याहून कडक! आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या गावात दर पावसाळ्यात उधाणाचं पाणी सेप्टिक टँकमध्ये शिरतं आणि विहिरी नासवतं. टाक्यांना नियम लावू म्हटलं की ग्रामसभेत सगळे मिठाची गुळणी धरून बसतात. गोदावरीच्या पुरात बुडणाऱ्या एका गावानं तसा नियम केलाय, असं कळलं आणि मी पिशवी उचलली.

काळ्या रानातून रिक्षा अशी उधळली की दोनदा माझं डोकं टपाला आपटलं. गावात रंजनाताई वाट पाहत होत्या. त्या शिक्षिका, पंचायतीच्या सदस्य. नियम त्यांनीच आणलेला. त्यांनी धपाटे (ज्वारीची तिखट थालीपिठं) वाढले, स्वतः मात्र घास घेईनात.

"टाकीच्या परीक्षेची आज आमचीच पाळी हाय. काल संडासात नीळ वतलीय. खालच्या अंगाला कमलमावशींचा आड (अंगणातली अरुंद विहीर) हाय. त्यात निळं पाणी आलं, की टाकी दुरुस्त होईस्तोवर आमच्या संडासाला कुलूप! सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना रानात कसं न्यावं? लय भ्या वाटायलंय."

"मग तुम्हीच तपासा की गुपचूप," मी चेष्टेनं म्हटलं.

"पाणी मावशीला प्यायचंय. बघायचं बी तिनंच."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इतकं साधं आम्हाला कसं सुचलं नाही!

कमलमावशींनी पोहरा ओढला, पाणी पातेल्यात ओतलं, वाकून निरखलं. रंजनाताईंनी माझा हात घट्ट धरला होता. मावशी पातेलं घेऊन आत गेल्या आणि रंजनाताई एकदम हसत सुटल्या.

"पाणी चांगलं निघालं, की त्याचाच चहा करून टाकीवाल्याला पाजायचा, अशी रीत हाय आमची."

"आणि खराब निघालं तर?"

"तर चहा न्हाई!"

तो गोडमिट्ट चहा मी दोनदा मागून घेतला.

घरी पोचले ती चपला न काढता कुंपणाशी गेले. आमच्या उताराला शेजारच्या शालूकाकूंची विहीर आहे.

"काकू, आज आमच्या टाकीत नीळ टाकतेय. उद्या तुमचं पाणी बघा. चांगलं निघालं, तर त्याचाच चहा पाजा मला."

काकूंनी घागर खाली ठेवली. "आणि निळं आलं तर गो?"

"तर आमच्या संडासाला कुलूप."

नीळ टाकून झाली आहे. धाकधूक आहे, पण गंमतही वाटतेय. उद्या काकूंकडून चहाची हाक येते का, म्हणून मी आत्तापासूनच कान लावून बसले आहे.