गेल्या वर्षीचा विजेता

व्हर्जिनियात असताना ऑफिसातली मंडळी मला एकदा घोड्यांची शर्यत बघायला घेऊन गेली. साधी नव्हे, पळता पळता कुंपणं ओलांडायची. शेवटच्या कुंपणाशी एक म्हातारे गृहस्थ थर्मास घेऊन एकटेच उभे होते. पहिल्या शर्यतीत घोडे उडाले तसं माझ्या तोंडून "आई गं!" निघालं आणि ते चटकन वळले. "मराठी का रे? कुठला तू?"

मी नागपूरचा असं सांगितलं आणि विचारलं, "काका, आता मोठ्या शर्यतीत गेल्या वर्षीचा चॅम्पियन यंदा टिकेल?" प्रश्न निम्मा माझ्याबद्दलच होता. गेल्या वर्षी ऑफिसानं मला बेस्ट एम्प्लॉयी केलं होतं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

"छे! हरणार," ते ठासून म्हणाले. मला हसू आलं. माझ्या निकालाच्या दिवशी आईही दृष्ट लागू नये म्हणून "नापास होणार बघ" असंच म्हणायची. म्हणजे काकांचा जीव याच घोड्यात अडकलाय, असं मी धरून चाललो.

मोठ्या शर्यतीत गेल्या वर्षीचा तो तपकिरी चॅम्पियन आमच्यासमोरच्या कुंपणाशी आपटता आपटता सावरला आणि जिंकला. मी टाळ्या पिटत ओरडलो, "बघा काका, टिकला!"

काका थर्मासचं घट्ट बसलेलं झाकण उगाचच फिरवत होते.

"हरला असता तर सुटला असता रे," ते म्हणाले. "आता पुढच्या वर्षी परत आणतील."

ते गर्दीत निघून गेले. माझे हात टाळीसाठी उचललेलेच होते. वाजवावेत की खाली घ्यावेत, कळेना.