वाढ मिळालेल्या अध्यक्षांची तक्रार

अध्यक्षांना खुर्ची दिली की ते भडकायचे. सरकारी कचेरीत गेलो की त्यांची कुबडी पाहून शिपाई लगबगीने खुर्ची पुढे करी. अध्यक्ष ती सोबत आलेल्या एखाद्या बाईकडे सरकवत आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहत. "आधी सगळ्यांना खुर्च्या आणा, मग मी बसतो." आता कुबडीवर तोललेला माणूस समोर ताटकळत असताना कुठल्या साहेबाच्या घशाखाली चहा उतरणार? थोड्याच वेळात शेजारच्या खोल्यांतून खुर्च्या येऊ लागायच्या. बाहेर पडल्यावर मला डोळा मारून म्हणायचे, "मास्तर, देवाने हा पाय उगाच नाही दिला."

ते ज्या संघटनेचे अध्यक्ष होते तिला नाव नव्हतं, नोंदणी नव्हती, पावतीपुस्तक तर नव्हतंच. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्यावर त्यांचं मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं चिमुकलं दुकान होतं. निराधार म्हणून सरकारचे पैसे मिळणारी माणसं तिथे येऊन बसायची. त्यात अपंग होते, विधवा होत्या, कुणी नसलेली म्हातारी माणसं होती. पैसे रखडले की सगळी यांच्याकडे धावायची, म्हणून हे अध्यक्ष. 'दिव्यांग' हा शब्द त्यांना आवडायचा, पण वापरायला जड वाटायचा. "कागदावर दिव्यांग, घरात लंगडा," असं म्हणायचे, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आतून ओरडायच्या, "आणि तोंडाने एकदम धडधाकट!"

मी त्यांचा शेजारी, नुकताच शाळेतून निवृत्त झालेला. घरात बसून बायकोला शिकवायला लागलो होतो, तेव्हा तिनेच मला अध्यक्षांच्या हवाली केलं. त्यांनी माझी नेमणूक बॅनरचं एक टोक धरण्यासाठी केली. दुसरं टोक बदलापूरच्या, मांजर्लीत राहणाऱ्या शेवंताबाईंकडे असे. तरुणपणीच नवरा गेलेला, धुणीभांडी करून दोन मुली वाढवलेल्या, आवाज असा की घोषणेला भोंगा लागू नये. बॅनरवर एकच मागणी होती, सगळ्यांचे पैसे वाढवा. कुणी आपली वेगळी मागणी त्यात घुसवायला बघितली की अध्यक्ष विचारायचे, "दुकानदार तेलाचा भाव वाढवताना बघतो का, ही विधवा आहे का अपंग? मग आपण कशाला वेगवेगळं मागायचं?"

आणि एक दिवस वाढ झाली. अपंगांना महिन्याला हजार रुपये जास्त. विधवांना आणि म्हाताऱ्यांना होते तेवढेच.

दुकानात पेढे आले. अध्यक्ष एक पेढा हातात घेऊन तसेच बसून राहिले. उल्हासनगरहून मिक्सरचे पार्ट घेऊन आलेला सिंधी सेठ म्हणाला, "साईं, तेरा तो बढ़ गया! मुँह काहे को लटकाया?" तेवढ्यात शेवंताबाई आल्या. त्यांनी पेढा घेतला, चवीने खाल्ला, पदराला बोटं पुसली आणि म्हणाल्या, "अध्यक्ष, तुमचा पाय लंगडा, माझं नशीब लंगडं. सरकारला पायच तेवढा दिसला का?" अध्यक्षांनी हातातला पेढा पुन्हा बॉक्समध्ये ठेवून दिला.

व्हीलचेअरवर बसून मोबाईलची कव्हरं विकणारा बाळू मात्र खूश होता. तो म्हणाला, "भाऊ, आपला खर्चच जास्त आहे ना यार. मला कुठे पण जायचं तर रिक्षा लागते. त्या बाया कामाला तरी जाऊ शकतात." मला वाटलं, आता अध्यक्ष याला सोलून काढणार. पण ते शांतपणे म्हणाले, "खरंय तुझं. तुला जास्त मिळायलाच पाहिजेत. पण तुझी रिक्षा महाग झाली, तशी त्यांची डाळ नाही झाली का? त्यांचं एका रुपयाने पण का नाही वाढलं?" बाळू म्हणाला, "ते सरकारला विचारा," आणि चाकं फिरवून निघून गेला.

अध्यक्ष खरोखरच सरकारला विचारायला निघाले. या वेळी मागे विधवा होत्या, चार म्हातारे होते आणि बॅनरला लटकलेला मी. अपंगांपैकी एकटे अध्यक्ष. साहेब चक्रावले. "अहो, तुमचं तर वाढलंय ना? मग तक्रार कसली?"

"तीच तक्रार आहे, साहेब. मागायला सगळे मिळून आलो होतो. घेताना मी एकटा कसा घेऊ?"

साहेबांनी हे वरून ठरतं म्हणून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "मग वर कळवा. आम्ही परत येतो." आणि दर महिन्याला परत जात राहिले. बाळू आणि बाकीची अपंग मंडळी एकदाही आली नाहीत. "येतील हो मास्तर," असं अध्यक्ष मला सांगायचे, पण निघण्यापूर्वी आपली तीनचाकी स्कूटर सुरू ठेवून बराच वेळ रस्त्याकडे बघत बसायचे. त्यांना ते फार लागलं होतं. मलाही बाळूचा राग यायचा आणि त्याचं म्हणणं खोटं नाही याचा त्याहून जास्त राग यायचा.

गणपतीनंतर अध्यक्ष गेले. दुकानातच, पंखा खोलून बसलेले असताना, हृदयविकाराने. त्यांच्याइतका बडबड्या माणूस एक शब्द न बोलता जाईल हे मला अजून खरं वाटत नाही.

त्यांचे पैसे अर्थातच बंद झाले. शेवंताबाईंनी वहिनींना विधवांसाठीचा अर्ज भरायला लावला, आणि काही महिन्यांनी तो मंजूर झाला. पहिले पैसे आले त्या दिवशी मी वहिनींबरोबर बँकेत गेलो होतो. बाळूही तिथेच होता, त्याची बायको त्याची खुर्ची ढकलत होती. वहिनींनी पासबुक उघडून आकडा पाहिला आणि मला दाखवला. विधवेचा दर. जुनाच.

"मास्तर, यांना मिळत होते त्यापेक्षा हजार कमी," वहिनी म्हणाल्या. "आता दुकान पण नाही. तेव्हा निभवायला आम्ही दोघं तरी होतो ना हो?"

बाळूने ते ऐकलं होतं. तो वहिनींकडे बघत राहिला, मग मान वळवून त्याने आपल्या बायकोकडे पाहिलं. ती पाठीमागे खुर्चीची मूठ धरून उभी होती.

"मास्तर," तो म्हणाला, "कचेरीत परत कधी जाताय?"