डाव्या दारावरचा ओरखडा

११ जुलै, गुरुवार. हातातलं काम: ग्राहक आयोगापुढे द्यायचं प्रतिज्ञापत्र नीट वाचणं. उद्या सकाळी एग्मोरला वकीलबाईंच्या ऑफिसात जाऊन त्यावर सही करायची होती. पानं सहा. कारखान्यातून अर्धा दिवस रजा काढली, जेवणाचं टेबल पुसलं, चष्मा लावला आणि बसले. पाचव्या परिच्छेदापर्यंत काम सरळ झालं. सहाव्याला अडकले.

प्रकरण थोडक्यात असं. गाडी नवऱ्याच्या नावावर, कर्ज काढून घेतलेली. कर्ज त्यांनी हयातीतच फेडलं, फायनान्स कंपनीचं तसं पत्रही आलं. ते पत्र घेऊन आरटीओत जायचं आणि गाडीच्या कागदावरून कंपनीचं नाव काढून घ्यायचं, एवढंच राहिलं होतं. "उद्या जातो," असं ते वर्षभर म्हणाले. मागच्या वर्षी मे महिन्यात ते वारले. पत्र फायलीतच राहिलं आणि आमच्या गाडीचा नंबर कंपनीच्या थकबाकीदारांच्या कुठल्याशा जुन्या यादीत राहिला.

या एप्रिलमध्ये मैलापुरात औषधांच्या दुकानासमोर गाडी लावून मी सासूबाईंच्या गोळ्या घ्यायला आत गेले. बाहेर आले तर जागा रिकामी. शेजारचा शहाळेवाला म्हणाला, "क्रेन आली होती अम्मा, फायनान्सची माणसं. हप्ता चुकला का?" हे त्याने इतक्या आपुलकीने विचारलं की मला त्याच्यावर ओरडताही येईना. पोलीस चौकीत सांगितलं, कंपनीला विचारा.

त्या दुपारी घरात नवऱ्याचा फोन वाजला. तो मी चालू ठेवला आहे. गॅस, वीज, टोल, सगळं त्या नंबराला जोडलेलं आहे आणि बदलायला सवड झालेली नाही. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, त्यामुळे त्यांची मराठी माझ्या सोलापुरी कानांना सत्तावीस वर्षांनंतरही थोडी जुनी वाटते. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो. त्यांनीच फोन उचलून माझ्या हातात दिला. संदेश होता: तुमच्या वाहनाने टोलनाका ओलांडला. वेळ दोन वाजून दहा मिनिटं.

"कुठं चालला गे तो?" अम्मांनी विचारलं.

"गाडी आहे, अम्मा. उत्तरेकडे नेताहेत."

संध्याकाळपर्यंत त्या फोनसमोरून उठल्या नाहीत.

अकरा दिवसांनी कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं: गाडी चुकीने उचलली गेली, घेऊन जावी. गुम्मिडिपूंडीच्या पुढे, कारखाने संपतात तिथे त्यांचं आवार होतं. पत्र्याचं कुंपण, आत शे-दीडशे गाड्या. प्रत्येकीच्या काचेवर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला. आरशांना वाळलेले गजरे, लिंबू-मिरच्या. एका गाडीवर लग्नातली थर्माकोलची अक्षरं अजून चिकटलेली. सगळ्या काचा बंद आणि एवढ्या उन्हातही आतून धुरकटलेल्या. मी रांगांमधून चालत होते आणि आत कोणी बसलंय का, हे बघायचं नाही असं स्वतःला बजावत होते. असले विचार करायची मला सवय नाही.

आमची गाडी टोकाला होती. हँडब्रेक न सोडताच क्रेनने ओढून नेल्यामुळे मागचे दोन्ही टायर एका बाजूने सपाट झाले होते, ब्रेक जळले होते. पुढची काच तडकलेली, बंपर लोंबत होता, मागची सीट उसवलेली. आवाराच्या माणसाने माझ्यापुढे एक कागद ठेवला. गाडी आणली तेव्हाच्या स्थितीचं नोंदपत्रक, दहा ओळी. टायर झिजलेले, ब्रेक निकामी, काच तडकलेली, सीट फाटलेली. म्हणजे सगळं नुकसान आधीचंच. मी गिंडीला एका शर्टांच्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळते. खोटं नोंदपत्रक मला ओळखू येतं: सगळ्या ओळी एकाच पेनने, एका दमात लिहिलेल्या असतात.

सातवी ओळ होती: मागचा डावा दरवाजा, जुना ओरखडा, सुमारे दोन फूट.

ती खरी होती.

मागच्या वर्षी मे महिन्यातल्या त्या सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिकेची वाट बघण्यापेक्षा मीच नेते, असं मी ठरवलं. ते मागे डाव्या बाजूला बसले, पाय पसरायला जागा हवी म्हणून. फाटकातून बाहेर काढताना गाडी खांबाला घासली. मी थांबले, इंजिन चालू ठेवून उतरले, वळसा घालून मागच्या दाराशी गेले. त्यांच्याकडे बघायला नाही. दार बघायला. ओरखड्यावरून बोट फिरवलं. पत्रा दबला नव्हता, रंगच गेला होता. कारखान्यात आम्ही दोष तीन प्रकारांत मांडतो आणि हा तिसऱ्यातला, किरकोळ. काच अर्धी खाली होती. आतून ते म्हणाले, "काय बाईसाहेब, पास की फेल?"

ही त्यांची नेहमीची थट्टा. इडलीला, पाहुण्यांना, मुलीने आणलेल्या मार्कांना, सगळ्यालाच ते मला असं विचारायचे.

"पास," मी म्हटलं आणि गाडीत बसले.

दवाखान्याच्या दारात ते बोलत नव्हते. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. एकदोन मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं. सगळ्यांनाच सांगत असतील. मी उतरले होते हे कुणाला माहीत नाही. मुलीला नाही, अम्मांना नाही. अम्मांना ओरखडा दिसला तेव्हा मी म्हटलं, कोणीतरी घासून गेलं. दार रंगवून घ्यायचं मात्र आजवर मला जमलेलं नाही. कारखान्यात दिवसाला शेकडो कॉलर हाताखालून जातात आणि एखादीवर बोट थांबलं की मागून तो प्रश्न येतो. मी मान वळवत नाही.

आता सहावा परिच्छेद. 'सदर नोंदपत्रकातील सर्व नोंदी खोट्या असून मागाहून तयार केलेल्या आहेत.'

मी वकीलबाईंना फोन लावला. त्या माझ्या मुलीपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील, हुशार आहेत आणि कोणाला दोन मिनिटांवर बोलू देत नाहीत.

"सातवी नोंद खरी आहे," मी म्हटलं.

"कोणती, दाराची? असू दे ना. त्याची भरपाई मागत नाही आपण. पण सगळा कागद बनावट म्हणायचा, मॅडम. एक ओळ मान्य केली की समोरचा वकील म्हणणार, बघा, बाई स्वतः सांगतात माणसांनी गाडी नीट तपासली होती. मग उरलेल्या नऊसुद्धा खऱ्या."

"पण शपथेवर लिहायचंय."

"तुम्ही नुकसानभरपाई मागताय की कंपनीची साक्ष देताय?" त्या हसल्या. "हा ओरखडा आधीपासून होता, हे आणखी कोणाला माहितीये?"

"नाही कोणाला," मी म्हटलं. अम्मांचं नाव घेतलं नाही.

"मग झालं. उद्या दहाला या. आणि मॅडम, जेवून या, नोटरी उशीर करतो."

भरपाई आम्हाला हवी आहे. अम्मांचे गुडघे रिक्षात चढू देत नाहीत. आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं आणि तीन महिने गाडी गॅरेजमध्ये उभी आहे. हातचं सोडून तत्त्वं सांगणारी मी बाई नाही. एक ओळ. तीसुद्धा चोरांची. सही करून टाकावी, असंच माझ्या मनात होतं.

अम्मा खुर्ची ओढत टेबलाशी आल्या. "काय लिहिलंय ते वाच की गे मोठ्यानं."

मी वाचलं. नोंदपत्रकाच्या दहा ओळीही वाचल्या, कारण त्यांना सगळं हवं असतं. मग सहावा परिच्छेद.

"अस्कं खोटं म्हणून लिहिलीस?" अस्कं म्हणजे सगळं.

"हो."

"दार कसं खोटं? ते होतं की. मी चढताना त्याच्यावरच हात टेकत होते. खरबरीत लागतं, तिथं धरायला बरं." त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, वर्षभर त्या दारावरून फिरवत असतील तसाच. "कोणीतरी घासून गेला म्हणालीस तू. त्या मेल्यांनी एवढं बरोबर कसं पाहिलं?"

मी कागद एकावर एक लावले.

"कोण घासून गेला तो? सांगितलीच नाहीस कधी."

"कॉफी टाकते," मी म्हटलं.

दूध तापत होतं. मी ओट्यापाशी उभी होते. त्या सकाळी काय घडलं हे जगात फक्त एकाच कागदावर लिहिलेलं होतं आणि तो कागद खोटा आहे, असं मी उद्या शपथेवर सांगणार होते. फाटक नाही, खांब नाही, मी उतरलेच नाही. मला हवं होतं तेच. दूध उतू गेलं. गॅस पुसला. बाहेर नवऱ्याचा फोन वाजला. कसलीशी जाहिरात होती. अम्मा तो हातात धरून होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, अम्मांना इडली देऊन, मी एग्मोरची बस पकडली. वकीलबाईंच्या टेबलावर सहाव्या परिच्छेदातला 'सर्व' हा शब्द खोडला, बाजूला छोटी सही केली आणि खाली हाताने लिहिलं: सातवी नोंद खरी आहे. ओरखडा माझ्या हातून, आमच्या इमारतीच्या फाटकात पडला. त्या वेळी माझे पती गाडीत होते. मी तो तपासायला खाली उतरले होते.

"शेवटचं वाक्य लागत नाही, मॅडम," वकीलबाई म्हणाल्या. "आणि आता खटला अवघड झाला, हे लक्षात ठेवा."

"राहू दे ते," मी म्हटलं. नोटरीने शिक्का मारला. उशीर केला नाही.

एक प्रत पिशवीत घालून मी साडेअकराला घरी आले. चपला काढल्या, हातपाय धुतले, अम्मांसमोर खुर्ची घेतली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सहाव्या परिच्छेदाशी थांबले नाही.