भट्टीवाल्या मामाची वही

आमच्या मामाला "कसा आहेस?" असं विचारायची सोय नव्हती. "केव्हा? सकाळी का आता?" असा उलटा सवाल यायचा. भिलाईचा पोलादाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, आणि दर तासाला भट्टीचं तापमान वहीत लिहिणं हे मामाचं काम. ते त्याच्या अंगातच मुरलं होतं. "अंदाजपंचे नोको सांगू," म्हणायचा, "किती वाजता काय झालं, थे सांग."

धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझी आई गप्प झाली. ना बोलायची, ना रडायची. बाळानं टाहो फोडला तरी तोंड भिंतीकडेच. बाबांनी लिंबं उतरवली, ताईत बांधले. शेवटी मामा आम्हा सगळ्यांना सेक्टर दोनमधल्या आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन आला आणि आईला नागपूरच्या डॉक्टरांना दाखवलं. पण त्या गोळ्यांनी आई दिवसभर झोपून राहायची, हात थरथरायचे. बाबा वैतागले. "बंद करा हे औषध!"

"भट्टी नीट चालली नाही त बंद करतेत का, भाऊजी? आतला माल बदलवतेत," मामा म्हणाला, आणि त्यानं आईची वही सुरू केली. तो ड्यूटीवर असला की बाबांनी लिहायचं, असा हुकूम. 'सहा वाजता जागी. चहा नाही. दोन वाजता झोपेत, हात थरथर. आठ वाजता बाळाकडे पाह्यलं, घेतलं नाही.'

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "कसं आहे?" बाबा "बरंच म्हणायचं" म्हणतात न म्हणतात तोच मामानं वही पुढे सरकवली. डॉक्टरांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि औषध बदललं. "गुण यायला महिनाभर लागेल. मधे सोडू नका."

नव्या औषधाच्या सोळाव्या दिवशी बाबांनी परत ताइताचा विषय काढला. मामा असा काही खेकसला की बिचारे अंगणात जाऊन बसले.

आणि मग एका सकाळी आईनं वरणाचा घास घेतला आणि म्हणाली, "इतकं मीठ कावून टाकलं रे? खाववत नाही!"

मामा हातातल्या पळीसकट रस्त्यावर धावला. "अवो, ऐका! माही बहीण भांडून राहिली माह्याशी!" वहीत त्या दिवसाचं पान कोरंच आहे.

बाळाला मांडीवर घ्यायला आईला आणखी दोन महिने लागले. गोळ्या पुष्कळ दिवस चालल्या. पण आमची आई आम्हाला परत मिळाली.

मामा गेला तेव्हा ती सत्तरीची होती. गल्ली हादरेल अशी रडली. बायका तिला गप्प करायला धावल्या. "रडू द्या तिला," मी म्हणाले. आणि खरं सांगते, मामाच्या उशाशी बसून तिचं ते रडणं ऐकताना माझ्या जिवाला बरं वाटत होतं.