नागपंचमीचा महिना

‘विसरणं म्हणजे म्हातारपण नव्हे, तपासून घ्या!’ अशी पत्रकं मी देऊळघाटात घरोघर वाटतो. समोरची मावशी त्यांवर मिरच्या वाळवते आणि म्हणते, “बाबू, अजून दे ना दोन.”

तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. त्याचं नाव श्रावण. तो गेला, तरी त्या नावाच्या महिन्याला ती ‘नागपंचमीचा महिना’च म्हणायची.

मागच्या वर्षीच्या तपासणी शिबिरात स्मरणशक्ती बघायला डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. श्रावण नावाचा एक माणूस देऊळगाव राजाला गेला, लाल छत्री घेतली, ती एसटीतच विसरला. हीच गोष्ट परत सांगायची. मावशीनं छत्रीचा रंगही सांगितला, पण माणसाला ‘ते’ म्हणाली. नावाचा गुण कापला गेला. मी तिथंच भांडलो, “तिला आठवतंय! तिच्या नवऱ्याचं नाव आहे ते. कुठं बसून बनवता असल्या परीक्षा?”

मावशी पदराआड लाजली. “जाऊ दे बाबू. त्यायचं नाव काऊन घेऊ मी?”

यंदा पुन्हा तीच गोष्ट. “श्रावण गेला,” मावशी सरळ म्हणाली, “छत्री इसरला.” पदराला हातही गेला नाही. रंग आठवला नाही.

“गुण मागच्याइतकेच,” डॉक्टर म्हणाले. “काळजी नको.”

“काळजी आहे!” मी ओरडलो. “हिला जिल्ह्याला पाठवा.” मग तिच्यापुढे बसून विचारलं, “मावशी, सध्या महिना कोणता?”

“श्रावण.”

उत्तर बरोबर होतं. मी तरीही दुसऱ्या उत्तराची वाट पाहत बसलो.