जाम न झालेला कंप्रेसर

पोकलेनच्या केबिनमधला एसी उघडला की आतून काय निघतं, हे जेवणाच्या वेळी कुणी मला विचारू नये. तरी सांगतो. उंदराचं घरटं निघतं. त्यात गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे, सीटचा कुरतडलेला स्पंज, कधी पिल्लं, कधी मेलेली पिल्लं. त्यावर खदानीचा पांढरा भुगा बसून सगळ्याचा लगदा झालेला असतो. तो मी बोटांनी उकरून काढतो, कारण तिथं पाना जात नाही. घरी गेलो की बायको आधी हात धुवायला लावते, मग बोलते. पण त्या घाणीची मला किळस नाही. ती साबणानं जाते. ज्याची शिसारी येते ते वेगळं आहे, अन् त्यात मी पण आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझं दुकान सेनगाव रस्त्याला. बोर्डावर कार-जीपचा एसी लिहिलंय, पण पोट भरतं ते खदानीतल्या मोठ्या मशिनींवर. पोकलेन, डोजर, हायवा. लोकांना वाटतं, दगड उकरणाऱ्याला कशाला पाहिजे एसी, ही कसली थेरं. मी म्हणतो, बाबा, उन्हाळ्यात एकदा त्या केबिनमध्ये बसून दाखव. काच उघडी ठेवली तर दगडाची धूळ छातीत जाते. काच लावली तर चारी बाजूंनी काच, डोक्यावर पत्रा अन् पाठीमागं इंजिन, माणूस उकडून निघतो. म्हणून तर मशीन बनवणारे इंजिनाजवळ कंप्रेसर बसवून देतात. इंजिन त्याला पट्ट्यानं फिरवतं, तो गॅस दाबून पुढं ढकलतो, केबिन गार होते, अन् मग ऑपरेटरला काच लावून बसता येतं. चैनीचा काही संबंधच नाही त्यात.

अन् आमच्याकडचे मालक काय करतात? होळी झाली की कंप्रेसरची वायर तोडतात. कंप्रेसरच्या तोंडाशी क्लचची चकती असते, तिला वायरीतून करंट मिळाला तरच कंप्रेसर फिरतो. वायर कापली की संपलं. ज्या तीन महिन्यांत एसी लागतो नेमका तेव्हाच बंद, अन् मशीन विकायला काढलं की तीच वायर जोडून गिऱ्हाइकाला गार हवा दाखवायची. ही रीतच पडून गेली आहे. कारण विचारा, म्हणतात एसी डिझेल पितो. दुसरं कारण जरा आवडीनं सांगतात, की गार हवा लागली की ऑपरेटर पेंगतो. हे मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता पाठ झालंय.

दोनेक वर्षांमागं, ऐन उन्हाळ्यात, गोरेगावकडच्या एका खदानीवरून ऑपरेटरचा फोन आला. माणूस पन्नाशीचा, तांड्यावरचा. मी त्याला मामा म्हणायचो. हात असा बसलेला की पोकलेनच्या बकेटनं अंडं उचलून ठेवलं असतं. आधीही त्याच्या मशीनवर गेलो होतो, पण ह्या वेळी फोनवर बोलण्यापेक्षा खोकणंच जास्त.

"मिस्त्री, हिंगोलीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला," तो म्हणाला. "म्हणला, धूळ बसली हाय आत. एक तर काम सोड, न्हाईतर काच लावून बस. काच लावली का जीव घाबरा व्हते. एसी तेवढा चालू करून द्या."

"काम सोडता येत नाही का?"

"दुसरं येतंच काय मला."

मी गेलो. खदानीच्या तोंडाशी मालकाची पांढरी जीप उभी होती. इंजिन चालू, काचा बंद, आत माणूस नाही. मालक बाजूला पत्र्याच्या शेडखाली टरबूज खात बसला होता. जीप कशाला चालू, तर उठून बसताना सीट भाजू नये. त्या रिकाम्या सीटला गार हवा लागत होती, अन् पन्नास पावलांवर मामा पोकलेनमध्ये डोक्यावर ओला टॉवेल टाकून, केबिनचं दार सुतळीनं उघडं बांधून बसला होता. हे बघूनच माझं डोकं फिरलं.

मशीन बंद करून बाजूचं झाकण उघडलं. कंप्रेसरची चकती हातानं फिरवली, लोण्यासारखी फिरली. म्हणजे कंप्रेसर ठणठणीत. गॅसही बराबर. मग वायर धरून मागं मागं गेलो. दोन बोटांएवढा तुकडा कापलेला होता अन् दोन्ही टोकांना नीट, घडी बसवून टेप लावलेली. त्या नीटपणाचीच मला जास्त चीड आली. ज्यानं ते केलं, त्यानं हात आखडला नव्हता.

मालकानं बोटानं मला शेडखाली बोलावलं. टरबुजाची फोड पुढं केली. मी घेतली नाही, एवढाच काय तो माझा बाणेदारपणा.

"पाहिलं ना तू?" तो म्हणाला. "त्याला सांग, पार्ट गेला, भेटत न्हाई. डोकं खाऊन राहिला रोज माझं."

"शेठ, त्याच्या छातीत धूळ आहे. डॉक्टरनं..."

"मिस्त्री, माझ्या आठ मशिनी हायत. सगळ्या कोणाकडं येतेत?"

माझ्याकडं येतात. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मी परत पोकलेनपाशी गेलो अन् मामाच्या तोंडाकडं न बघता म्हणालो, "मामा, कंप्रेसर जाम झालाय." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मिस्त्रीला खोटंही पक्कं लागतं. "आत बेअरिंग गेली. अन् ह्या मॉडेलचा पार्ट आता येत नाही."

"जाम म्हंजे फिरतच न्हाई?"

"नाही."

"अन् जुना भेटला तर?"

"भेटला तर बसवू," मी म्हणालो. विषय मिटवायचा होता मला. असा पार्ट शोधत कोण फिरतो, अशी माझी समजूत. मामानं मान हलवली, टॉवेल पुन्हा ओला केला अन् वर चढला. मी गाडीला किक मारली तेव्हा बकेट दगडात घुसली होती अन् धुळीत केबिन दिसत नव्हती.

वीस दिवसांनी भर दुपारी दुकानासमोर प्रवासी जीप थांबली. मामा उतरला. काखेत जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं, जड, एका अंगाला झुकून चालत होता. आत येऊन त्यानं ते माझ्या टेबलावर ठेवलं अन् आधी पोटभर खोकला. मग गाठ सोडली. आत कंप्रेसर.

"नांदेडच्या भंगारात तीन चकरा केल्या, तवा भेटला. तिथूनच आलो सरळ," तो म्हणाला. "आपल्या मशीनमधल्याचा फोटो काढून नेलता मोबाईलवर. बराबर हाच हाय ना?"

"हाच आहे. पण मामा, पैसे कुठून..."

"बोकूड विकलं. लेकरांची आई म्हणली, विका. बोकूड पुन्हा व्हईल." तो हसत होता. "आता बसवा. तुमी म्हणले व्हते, भेटला तर बसवू."

कंप्रेसरला ताजा काळा रंग मारलेला होता. मी चकतीला हात लावला. हलेना. पाना लावून जोर दिला, तरी हलेना. आतून पार धरलेला. भंगारवाल्यानं मेलेला गोळा रंगवून ह्या माणसाच्या गळ्यात मारला होता. त्या भंगारवाल्याच्या सात पिढ्या काढायला मी तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. त्यानं फसवलं ते खरं, पण मामाला त्याच्या दारात धाडलं कुणी? स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. जनाची नाही तर मनाची तरी असते माणसाला.

"मामा, हा जाम आहे," मी म्हणालो. "अन् तुमच्या मशीनमधला चांगला आहे."

त्याला कळेना. "तुमीच तर म्हणले..."

"खोटं बोललो. कंप्रेसरला काही झालेलं नाही. वायर तोडलीय. मालकानं तोडायला लावली, अन् मला असं सांगायला लावलं."

मामा स्टुलावर बसला. लुगड्याचा काठ बोटांत धरून घड्या घालू लागला.

"मालकाचं समजलं," तो म्हणाला. "त्याचं डिझेल हाय. तुमी काहून?"

"काम जाईल म्हणून."

त्यानं मान डोलावली. "व्हय. तुमाला बी पोट हाय." रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. त्यानं मला दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते. पण तसा तो माणूस नव्हता.

मग मी वायरीचा तुकडा घेऊन त्याला तिथंच शिकवलं. झाकण कसं उघडायचं, टोकं कुठं आहेत, तांबं सोलून पीळ कसा द्यायचा, वरून टेप कशी मारायची. त्यानं दोनदा करून दाखवलं, माझ्यापेक्षा सफाईनं. मालकाची जीप दिसली की एसीचं बटन बंद करायचं अन् दार उघडायचं, हेही ठरलं. पाच मिनिटांचं काम, अन् त्यापायी हा माणूस वीस दिवस धूळ गिळत होता.

जाताना तो कंप्रेसर पुन्हा लुगड्यात बांधायला लागला. मी म्हटलं, "राहू द्या इथं. उद्या दोघं नांदेडला जाऊ, त्याची गचांडी धरू."

"न्हाई. घरी न्यायचा हाय."

"ह्या मेलेल्या लोखंडाचं घरी काय करता?"

"लेकरांच्या आईला म्हणीन, हा जुना, मशीनमधून काढलेला. नवा बसला." त्यानं गाठ मारली. "बोकूड वाया गेलं म्हणून कळलं तर जिवाला लावून घेईल ती. कोणी विचारलं तर तुमी बी हेच सांगा."

मी म्हणालो, सांगीन.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "गार येऊन राहिलं मिस्त्री," एवढंच बोलून त्यानं ठेवला. मागं दगड फुटत होता, पण आवाज लांबून आल्यासारखा, म्हणजे काच बंद होती. त्या मालकाच्या आठही मशिनी अजून माझ्याकडंच येतात. मी त्या घेतो. हे लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो.

पोळ्याच्या आधी गोरेगावच्या बाजारात मामा दिसला. तो कांद्याच्या ढिगापाशी वाकलेला होता, बायको बाजूला पिशवी धरून उभी. त्यानं तिला माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं, अन् ती पदर सावरत थेट माझ्यापाशी आली.

"भाऊ, तुमीच का ते मिस्त्री? लय बरं केलं तुमी. आता काच लावून बसतेत. खोकला बी जरा बसला." तिनं पिशवीतून मक्याची दोन कणसं काढून माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणत असताना दिली. "तो जुना पार्ट दारापाशी ठेवलाय, लेकरं त्याच्यावर बसतेत. केवढं जड लोखंड हाय ते. असं जाम कशानं व्हते हो?"

मामा दहा पावलांवर होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. तो खाली मान घालून एकेक कांदा उचलून बघत होता.

"धुळीनं, ताई," मी म्हणालो.